साखर ह्यांची, रविवार माझा

ह्यांच्या रक्तात साखर सापडली, त्या दिवशी डॉक्टरांच्या प्रत्येक वाक्याला मान मीच डोलावत होते. हे शेजारच्या खुर्चीत बसून रिपोर्टची घडी घालत होते, उघडत होते, पुन्हा घालत होते. डहाणू रोडला स्टेशनपासून जवळच तो दवाखाना. ह्यांची नोकरी रेल्वेत, तिकीट खिडकीवर. त्यामुळे डॉक्टर चेहऱ्याने ओळखीचे. बोलत होते ते सौम्यपणे. सकाळी गोळी, संध्याकाळी चालणं, भात कमी, गोड बंद. शेवटी चष्मा काढून म्हणाले, "आणि बाहेरचं खाणं बंद करा. पूर्ण."

"करू," मी म्हणाले.

खाली आल्यावर स्कूटर सुरू करायच्या आधी ह्यांनी एवढंच विचारलं, "पूर्ण म्हणजे रविवारचंही?"

"पूर्ण म्हणजे पूर्ण."

आमच्या घरी रविवारी दुपारी गॅस पेटत नसे. लग्नानंतर मी कैनाडच्या शाळेत शिकवायला लागले, तेव्हापासूनचा हा नियम. आठवडाभर अंधारात उठून दोघांचे डबे, मग मुलगी झाल्यावर तिघांचे, मग शाळा, परत आल्यावर पुन्हा स्वयंपाक. एका रविवारी मी भाजी चिरता चिरता बसल्या जागी पेंगले. ह्यांनी समोरची विळी उचलून घेतली आणि म्हणाले, "चल, आवर. बाहेर जेवू." तेव्हापासून आम्ही दर रविवारी जायला लागलो. रानशेतच्या बाजूने हायवे गाठायचा आणि तलासरीकडे वळायचं. तलासरीला हायवेलगत एक गुजराती थाळीचं हॉटेल आहे. बाहेर ट्रक उभे, आत कुटुंबं. स्टीलचं मोठं ताट, त्यात वाट्या, आणि वाढपी रिकामी वाटी दिसू देत नाहीत. त्यातले एक वयस्क वाढपी सीमेपलीकडच्या गावातून रोज येत. मराठी आणि गुजराती ते एकाच वाक्यात कालवून बोलत, आणि त्यांचं निम्मं बोलणं एवढंच असे : "थोडुंक लो ने, साहेब!"

हे आठवडाभर काचेआडून लोकांना उत्तरं देऊन इतके दमलेले असत की घरी आल्यावर त्यांच्या तोंडून हो-नाहीपलीकडे काही निघत नसे. त्या हॉटेलात मात्र ते बोलत. मुलीला कुठल्या कॉलेजात घालायचं ते तिथं ठरलं. सासूबाईंना शेवटच्या आजारपणात इकडे आणायचं की गावीच ठेवायचं, ह्यावर आम्ही तिथं भांडलो आणि तिथंच मिटवलं. मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली, त्यानंतरच्या रविवारी आम्ही दोघं त्याच टेबलाशी बसलो, आणि तिसरं ताट मांडू नका, असं त्या वाढप्यांना सांगताना ह्यांचा आवाज फाटला. आणि माझ्यापुरतं सांगायचं तर मला तिथं गरम फुलका मिळे. घरी मी सगळ्यांना वाढून शेवटी बसते, माझ्या वाट्याला येईतो फुलका गार झालेला असतो. तिथं दुसऱ्या कुणीतरी लाटलेला, टम्म फुगलेला फुलका थेट माझ्या ताटात पडे. तो फोडला की वाफ येई. आठवड्यातून एकदा.

तरीही "पूर्ण म्हणजे पूर्ण" म्हणताना मला त्यातलं काही आठवलं नाही. मला फक्त ह्यांच्या जिवाची भीती वाटली होती. ह्यांच्या वडिलांचा पाय साखरेनेच गेला होता.

मी शिक्षिका. अभ्यासक्रम हाती आला की तो पुरा करायचा, हीच सवय. नागलीची भाकरी, मोडाचे मूग, दुधी, पडवळ, शेवग्याचा पाला. दूध बिनसाखरेचं. तांदूळ डब्याच्या तळाशी गेले. डहाणूत चिकूच्या दिवसांत चिकू विकत घ्यावे लागत नाहीत; वाडीवाले शेजारी पाटी आणून ठेवतात. मी ती पाटी तशीच उचलून शाळेत न्यायचे आणि पोरांत वाटून टाकायचे. हे दारात उभे राहून चिकू जाताना बघायचे. ताटात पडेल ते निमूट खायचे. त्या निमूटपणाचं मला कौतुक वाटायचं.

पुढचा रिपोर्ट चांगला आला. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, हे तुमचं काम." शाळेत सगळ्यांनी तेच म्हटलं. मीही ते खरं मानून बसले. दर रविवारी आता मी बाजारात जाऊन कोवळा दुधी शोधत होते, दुपारी बारापर्यंत ओट्याशी उभी होते आणि संध्याकाळी सोमवारची तयारी करत होते. खांदा दुखायला लागला. पाट्यावर चटणी वाटताना तर हात पुढे जाईना. हे वयाचं आहे, असं मी स्वतःला सांगितलं.

थंडी पडायला लागली होती तेव्हाचा एक रविवार. नागलीची भाकरी थापत होते आणि ती पुन्हापुन्हा तुटत होती. पीठ जुनं असेल, पाणी गार असेल. बाहेरून ह्यांनी विचारलं, "झालं का गं? गोळी घेतलीय मी."

मी गॅस बंद केला. पिठाच्या हातांनी बाहेर येऊन ह्यांच्यासमोर बसले.

"मला एक सांगा," मी म्हणाले. "साखर तुमची वाढली. माझा रविवार का गेला?"

हे माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं चिडतील. पण ते खरंच विचार करत होते. म्हणाले, "हो. तुझा कशाला जायला हवा होता?"

"तेच विचारतेय."

"मग तू जा."

"एकटी?"

"तुला काय झालंय? तुला तर काहीच बंद नाही."

ह्यात टोमणा नव्हता. असता तर मी गेले नसते. मी हात धुतले, साडी बदलली, आणि स्टँडवर जाऊन तलासरीच्या एसटीत बसले.

गाडीत कैनाडची एक बाई भेटली, तिची मुलगी माझ्या वर्गात. भाताची कापणी उरकून माहेरी निघाली होती. तिच्या बोलीत लहानमोठ्या सगळ्यांनाच 'तू' म्हणतात. "बाई, सुट्टीची कुठं चाललीस?" तिने विचारलं.

"तलासरीला. जेवायला."

"कोणाकडं?"

"कोणाकडे नाही. हॉटेलात."

तिला ते पटेना. "शाळेचं काय काम असेल."

"नाही गं. नुसतं जेवायला."

"आणि घरवाला?"

"ते घरी. करून खातील काहीतरी."

ती मोठ्याने हसली, पुढच्या सीटवरच्या बाईच्या खांद्यावर थाप मारून तिला त्यांच्या बोलीत सगळं सांगितलं, आणि मग दोघी तलासरीपर्यंत मधूनमधून माझ्याकडे वळून हसत राहिल्या. मलाही हसू येत होतं आणि उतरून परत जावंसंही वाटत होतं.

हॉटेलात शिरले तेव्हा ते वयस्क वाढपी लगबगीने पुढे आले. आम्ही कितीतरी महिन्यांत गेलो नव्हतो. माझ्या मागे कुणी नाही, हे बघून त्यांचा चेहरा उतरला. "बेन, साहेब नथी आव्या?" आणि मग, काहीतरी वाईटच मनात येऊन, त्यांनी माझ्या गळ्याकडे, कपाळाकडे बघितलं.

"साहेब घरी आहेत. बरे आहेत," मी घाईने म्हणाले. त्यांनी लगेच नेहमीच्या टेबलावर कपडा मारला.

पहिला फुलका फोडला, वाफ आली. चव तीच होती. पण एकटीने जेवताना बघायला दुसरं काही नसतं, म्हणून मी ताटाकडे बघत बसले. इतक्या वर्षांत मी ते ताट नीट बघितलंच नव्हतं. डाळीत गूळ. कढीत साखर. एक वाटी बासुंदीची, शेजारी जिलबी, वर फरसाण, मग भात आणि खिचडी. आणि त्याच ताटात दुधी होता. वालाची उसळ होती. कोबीची कच्ची कोशिंबीर, ताक, मागितला तर बाजरीचा रोटला. घरी मी कंबर मोडून जे करत होते, त्यातलं निम्मं इथं आयतं होतं. इतके महिने मी ह्या दारालाच घाबरत होते.

मी वाढप्यांना म्हटलं, "भाऊ, बासुंदी नको." ते म्हणाले, "थोडुंक लो ने, बेन." आणि वाटी भरली. मला धड नाही म्हणता आलं नाही, आणि मला तर साखरही नव्हती.

घरी परतले तेव्हा ओट्यावर मुगाची डाळ सांडलेली, कुकरच्या झाकणाभोवती पिवळं पाणी वाळलेलं. ह्यांनी खिचडी केली होती. "पातळ झाली," म्हणाले, "पण खाल्ली. बरी होती." मग खुर्ची जवळ ओढून त्यांनी विचारलं, "भाजी कुठली होती?"

मी सांगितलं. वाल कसे शिजले होते, रोटल्यावर तूप किती होतं, ताकात जिरं होतं की नव्हतं, सगळं त्यांनी एकेक करून विचारून घेतलं. जेवण सुरू असल्यासारखे ते ऐकत होते. कित्येक महिन्यांत आम्ही इतकं बोललो नव्हतो. त्यांच्या निमूट खाण्याचं मी जे कौतुक करत आले होते, त्याचा अर्थ मला तेव्हा लागला. माझं मन राखायला ते गप्प बसत होते, आणि आतून त्यांना घर शिक्षेसारखं झालं होतं.

डॉक्टरांना मी पुढच्या वेळी सरळच विचारलं. ते म्हणाले, "खरं सांगू? कमी करा म्हटलं की लोक काहीच करत नाहीत. म्हणून मी बंदच करा म्हणतो. तुम्हाला जमत असेल तर जा. भाजी, उसळ, कोशिंबीर आधी खायची. रोटला एक. भात नाही, गोड नाही. जेवणाची वेळ चुकवू नका, गोळी विसरू नका. आणि घरी आल्यावर साखर मोजायच्या मशीनवर बघा काय होतंय ते."

"जमेल," ह्या वेळी हे म्हणाले.

पहिल्याच रविवारी जमलं नाही. वाढप्यांना इतका आनंद झाला होता की ह्यांनी नको म्हणायच्या आत ताट भरलं. जिलबी ह्यांनी बाजूला सरकवली. त्यांनी ताजी आणून तिच्यावर ठेवली. डाळ नको म्हटलं. ती वाटीत पडली. शेवटी बासुंदीचं भांडं जवळ आलं तसे ह्यांनी दोन्ही हात ताटावर आडवे धरले. चमचा हातावर आपटला आणि बासुंदी मनगटावरून ओघळली.

"साहेब, आमचं काही चुकलं?" वाढप्यांचा चेहरा पडला होता.

"चुकलं नाही हो!" ह्यांचा आवाज चढला. "मला साखर आहे! साखर आहे मला!"

ऑफिसात ह्यांनी ही गोष्ट कुणालाही कळू दिली नव्हती. सोबतच्या माणसांबरोबर चहा घ्यायची वेळ आली की काहीतरी काम काढून उठून जायचे. आणि आता अनोळखी लोकांनी भरलेल्या हॉटेलात ते ओरडून सांगून बसले होते. हे मान खाली घालून हात पुसत राहिले. वाढपी म्हणाले, "मारा मोटाभाईने पण छे," माझ्या थोरल्या भावालाही आहे, आणि भांडं घेऊन निघून गेले.

तिथं संपलं असतं तर बरं झालं असतं. पण त्या भल्या माणसाने ते मनावर घेतलं. पुढच्या रविवारी आम्ही आत पाय ठेवताच त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक दिली, "साखरवाळा साहेब आव्या!" ह्यांच्या ताटात भाजी आणि कोशिंबीर एवढंच आलं. ह्यांनी रोटला मागितला, तर अर्धा मिळाला. दुसरा अर्धा मागितला, तर वाढप्यांनी आधी माझ्याकडे बघितलं.

मी नाही म्हणून मान हलवली. माझ्याही ध्यानात आलं नाही, पण मी हलवली.

ह्यांनी ते बघितलं. स्कूटरवर बसता बसता म्हणाले, "मी जेवायला येतो, दवाखान्यात नाही. आता इथं यायचं नाही."

त्यानंतर आम्ही तिथं गेलो नाही. पुढे कितीतरी दिवस मला ह्याचं वाईट वाटत राहिलं, कारण त्या माणसाने ह्यांच्या काळजीपोटीच सगळं केलं होतं. मीही काळजीपोटीच करत होते. हे सगळं काळजीचंच होतं आणि तरी त्यात ह्यांना घास गिळवत नव्हता.

मग आम्ही इतर ठिकाणं धरली. समुद्राच्या बाजूला एका घरगुती खानावळीत तांदळाची भाकरी आणि माशाचं कालवण मिळतं. तिथं हे भाकरी एकच घेत, पण तळलेले बोंबील दिसले की त्यांचा हात थांबत नसे. एकदा ऑफिसातल्या कुणाच्या निरोपाचं जेवण होतं. तिथून आले ते थेट मशीन घेऊन बसले. आकडा बघून मी विचारलं, "काय खाल्लंत?"

"गुलाबजाम."

"किती?"

"ते विचारू नकोस."

मी विचारलंच. आवाज वाढले. शेवटी हे म्हणाले, "हे बघ, आजार माझा आहे. चुकलो तर मशीन सांगतं मला. ते मी बघतो ना? तू माझ्या तोंडावर पहारा ठेवू नकोस. पहारा असला की मला दुप्पट खावंसं वाटतं."

मी बरंच ऐकवलं. त्यांच्या वडिलांच्या पायाचंही काढलं, जे काढायला नको होतं. हे उठून चालायला निघून गेले. परत आले तेव्हा आम्ही दोघंही शांत झालो होतो. मी म्हणाले, "बरं. मी तुमच्या ताटाकडे बघणार नाही. पण मशीनवरचा आकडा मला दाखवायचा, चांगला असो, वाईट असो."

"दाखवीन."

मला सोपं वाटलं होतं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर समोरच्या माणसाच्या ताटाकडे न बघता जेवणं, ह्याहून अवघड काम मी केलेलं नाही. डोळे आपोआप तिकडे जात. पहिल्या काही रविवारी तर मी काय खाल्लं ते मला आठवत नसे, सगळं लक्ष न बघण्यात. पण हळूहळू माझं ताट मला दिसायला लागलं. मला जे आवडतं ते मी मागवू लागले. आणि हे स्वतःच्या तोंडाने वेटरला सांगू लागले : भाजीत तेल कमी, ताक बिनसाखरेचं, भात आणूच नका. आधी पुटपुटत. नंतर खिडकीवर बोलतात तशा स्वच्छ आवाजात. "मला डायबेटिस आहे" हे वाक्य आता ते नाव सांगावं तसं सांगतात. ऑफिसातही सांगून टाकलं.

सगळं छान झालं, असं मी लिहिणार नाही. गोळी चालू आहे, मध्यंतरी एकीच्या दोन झाल्या. सणावाराला घसरण होते. आकडा वाईट आला की तो दाखवताना हे मशीन जरा लांब धरतात. पण दाखवतात. रविवारी कधी बाहेर जातो. कधी हे घरी खिचडी करतात, आता ती पातळ होत नाही. माझा खांदा पुष्कळ बरा आहे.

गेल्या थंडीत एका रविवारी तलासरीच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला धूर दिसला. एक नवरा-बायको मातीचं मडकं विस्तवात उपडं घालून बसली होती. आपल्याकडे उकडहंडी म्हणतात, गुजराती लोक उबाडियू म्हणतात; वालाच्या शेंगा, कंद, रताळी, बटाटे, सगळं पाल्यात बंद करून आपल्याच वाफेवर शिजतं. तेलाचा थेंब नाही. आम्ही स्कूटर लावली. त्या बाईने मडकं सुलटं करून मोकळं केलं तशी ओव्याची, मातीची, धुराची अशी वाफ अंगावर आली.

"मला शेंगाच द्या," ह्यांनी सांगितलं. "कंद एक तुकडा. बटाटा, रताळं नको. हिला सगळं द्या."

उभ्या उभ्याच पानावर घेऊन हिरव्या चटणीबरोबर खाल्लं. हे शेंगा दातांनी ओढत होते आणि टरफलं पानाच्या कडेला नीट रांगेत ठेवत होते. मी रताळं सोललं.

"कसं आहे?" ह्यांनी विचारलं.

"फार गोड आहे," मी म्हणाले. खोटं कशाला सांगायचं?

त्यांनी माझ्या पानातून नखाएवढा तुकडा उचलला, तोंडात टाकला, डोळे मिटले. "हं," म्हणाले. आणि त्या बाईकडून आणखी थोड्या शेंगा मागून घेतल्या.